मराठी कळणारे आठ घोडे

बहारीनमध्ये अगदी परवापरवापर्यंत आठ घोडे असे होते की ज्यांना फक्त मराठी कळायचं. हे मी पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा अर्थानं. आता मी खुलासे करणं सोडून दिलंय. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. माझी मुलगी इरा त्या घोड्यांवर बसायला शिकली, आणि त्या घोड्यांना मराठी शिकवणाऱ्या माणसाचे माझ्या घरावर जे उपकार आहेत ते मी तरी जन्मात विसरणार नाही.

त्यांचं नाव बस्त्याव लोपीस. गाव वसई. पण बुदैयाच्या रस्त्याला, खजुरीच्या बागांमागे जो शेखांचा तबेला होता तिथे त्यांना या नावानं हाक मारलेली मी कधीच ऐकली नाही. तिथे ते जनरल होते. अरब, सुदानी, पाकिस्तानी, केरळी, झाडून सगळ्यांचे जनरल. आपल्या लष्करातल्या घोडदळात त्यांचा हुद्दा होता दफेदार, म्हणजे पायदळातला हवालदार समजा. जनरल ही पदवी त्यांना थोरल्या शेखांनी दिली होती, आणि ती त्यांनी इतकी मनावर घेतली की मूळ हुद्दा सांगताना त्यांचा आवाज जरा पडायचा.

उंची बेताची, पाय बाकदार, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. तिला रोज खोबरेल. समारंभाला घालायचा लाल कोट त्यांनी मनामाच्या जुन्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका शिंप्याकडून, त्याच्या डोक्यावर उभं राहून शिवून घेतला होता. सोनेरी गोंड्यांची जागा तीनदा बदलायला लावली म्हणे. कोटावर पदकांची रांग. एकदा मी जवळून पाहिलं तर त्यातलं शेवटचं पदक वसईच्या त्यांच्या चर्चच्या सणातल्या रस्सीखेचेचं निघालं.

"हे काय, जनरल?"

"बक्षीस आहे ते. मी काय चोरून आणलंय?"

"पण लष्करी पदकांच्या रांगेत?"

"बाई, तुम्ही पुण्याच्या. तुम्हाला बरोबर असायची सवय आहे. पण त्या दिवशी समोरच्या गावाचे सगळे कोळी होते. रोज जाळी ओढणारी माणसं. लढाईच होती ती."

मी मनामाच्या एका ऑफिसात अकाउंटंट. राहतो जुफैरला, पंधराव्या मजल्यावर. इरा ईसा टाउनच्या शाळेत. घरात आम्ही मराठी बोलायचो, ती सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. इथल्या बहुतेक घरांत हेच चालतं, त्यामुळे आम्ही त्याचं काही वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. वाटायचं ते पुण्याहून आईचा फोन आला की. आईचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं. इरा फोन घ्यायची, "हाय आजी, आय अॅम फाइन," म्हणायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. आई मला म्हणायची, "गोड आहे गं आवाज." नातीबद्दल तिला सांगता येण्यासारखं तेवढंच होतं.

घोड्यावर बसायचं वेड इराला शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे लागलं. थोरल्या शेखांनी शुक्रवारी सकाळी तबेल्यात मुलांना शिकवायची परवानगी दिली होती. आम्ही गेलो. इरा तेव्हा नऊ-दहा वर्षांची. जनरलनी तिला नूरा नावाच्या करड्या घोडीवर बसवलं आणि स्वतः कुंपणाला टेकून उभे राहिले. इरा म्हणाली, "गो." घोडी ढिम्म. "मूव्ह, प्लीज." घोडीनं शेपटी हलवली. इरानं रडवेल्या चेहऱ्यानं जनरलकडे पाहिलं.

"तिला इंग्रजी येत नाही," जनरल म्हणाले.

"बट आय डोंट स्पीक..."

"मग उतर. मफी बहाणा. यल्ला, पुढचा कोण?"

'मफी बहाणा' हा त्यांनी स्वतः घडवलेला शब्द. मफी म्हणजे अरबीत 'नाही', बहाणा आपला. दिवसातून शंभरदा म्हणायचे. इरा उतरली नाही. बराच वेळ घोडीच्या आयाळीकडे बघत बसली आणि मग अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "चल."

"कुणाला म्हणतेस? भिंतीला? प्रेमानं म्हण. चल गं."

"चल गं."

नूरा चालायला लागली. माझ्या मुलीच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं 'गं'. नूरा पुढे आणि इरा हसतेय, आणि मी दुसरीकडे तोंड फिरवून उभी, कारण माझे डोळे भरून आले होते.

'रे' आणि 'गं' यांच्याबाबतीत जनरल फार कडक. घोड्याला 'रे', घोडीला 'गं', आणि त्याशिवाय नुसता हुकूम सोडलेला त्यांना खपायचा नाही. "नुसतं 'चल' पोलीस म्हणतात," असं त्यांचं म्हणणं. चल, थांब, हळू, वळ, मागे, उजवा पाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. काम संपलं की तळहात घोड्याच्या मानेवर ठेवायचा आणि म्हणायचं, "झालं गं. शाब्बास." हे म्हटल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, खोगीर सोडायचं नाही. घोड्यांना त्याची इतकी सवय की तोवर ते ताठ उभे राहायचे, आणि ते शब्द कानावर पडले की मान खाली सोडून एक मोठा श्वास टाकायचे. शेखांच्या घरातली अरब मुलंसुद्धा 'झालं गं शाब्बास' म्हणूनच उतरायची.

हे सगळं सुरू कसं झालं, ते जनरल रंगात आले की सांगायचे, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगायचे. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, वसई रोड स्टेशनपासून गावापर्यंत. वडील माणसांशी कमी बोलायचे आणि घोड्याशी वाटभर. लहान बस्त्याव शेजारी बसून ऐकायचा. पुढे मुंबईच्या रेसकोर्सवर घोडे फिरवायचं काम, तिथून लष्कर. "फौजेत हुकूम हिंदीत. मला विचाराल तर घोड्याशी हिंदीत बोलताना नाटकात काम केल्यासारखं वाटायचं." निवृत्तीनंतर एका साहेबानं शब्द टाकला आणि ते इथे आले. थोरल्या शेखांना समारंभासाठी एक छोटा रिसाला उभा करायचा होता, पाहुण्यांपुढे रांगेत चालणारा, एका हुकमावर वळणारा. पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर बरक नावाचा काळा घोडा उभा केला. दोघांना चावलेला. जनरलना अरबी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. काय करावं सुचेना म्हणून ते वडील म्हणायचे तेच म्हणत राहिले. काय रे बाबा, काय झालं, कुणी मारलं तुला.

"कान वळले, बाई. माझ्याकडे वळले. त्या दिवशी ठरवलं, आता हेच."

थोरल्या शेखांना हा प्रकार फार आवडला. माझ्या घोड्यांची भाषा गुप्त आहे, त्यांना कुणी पळवून नेऊ शकणार नाही, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. आणि परमुलखात येऊन जनरल झाल्याचं जनरलना मुळीच नवल वाटत नव्हतं. "पूर्वी आपल्या सरदारांच्या पदरी फिरंगी जनरल असायचे की नाही? लांबून यायचे, आपल्या पोरांना कवायत शिकवायचे. आता एक वसईचा माणूस शेखांच्या पदरी जनरल झाला. फिट्टंफाट."

घरी ते सामवेदी, म्हणजे वसईकडची बोली, बोलत. आमच्याशी कधी नाही. "ती तुम्हाला झेपणार नाही," म्हणायचे. बायको वसईला, केळीची वाडी सांभाळून. तिला त्यांनी अनेकदा इकडे बोलावलं. तिचं उत्तर ठरलेलं, तुमचे घोडे तुम्ही सांभाळा, माझी केळी मी सांभाळते. दर सुट्टीनंतर येताना ती त्यांच्याबरोबर डबाभर सुकेळी द्यायची, वसईची वाळवलेली केळी. ती ते कुणालाही देत नसत. अगदी कुणालाही.

आणि ही फोनची गोष्ट मी स्वतः पाहिलेली नाही, पण इद्रीसच्या तोंडून ऐकली आहे, आणि इद्रीस खोटं बोलत नाही. इद्रीस म्हणजे सुदानचा उंचापुरा माणूस, रिसाल्यातला पहिला स्वार आणि जनरलचा उजवा हात. एका शुक्रवारी दुपारी बरकचा बछेडा सैफ कुंपण ओलांडून बुदैयाच्या रस्त्यावर गेला. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजायला लागले, पोलीस आले. जनरल मनामाच्या चर्चमध्ये, मिस्साला, कारण इथे सुट्टी शुक्रवारची. इद्रीसनं फोन लावला. जनरल बूट वाजवत मधूनच बाहेर आले, म्हणाले, स्पीकर चालू कर. इद्रीसनं फोन पोलिसाच्या हातात दिला, पोलिसानं हात लांब करून तो घोड्याच्या दिशेनं धरला, आणि भर रस्त्यात आवाज घुमला, "थांब रे राजा, थांब. उन्हाचा कुठे निघालास? थांब रे." सैफ थांबला. मान वळवून फोनकडे बघत राहिला. पोलिसानं विचारलं, ही कुठली भाषा? इद्रीस म्हणाला, घोड्यांची.

त्याला खरंच तसं वाटायचं. त्याचं सगळं मराठी घोड्यांशी बोलून आलेलं. माझी आई इथे आली तेव्हा आम्ही तिला तबेल्यावर नेलं. एवढ्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या बाईचा मान ठेवावा म्हणून इद्रीसनं छातीवर हात ठेवला, वाकला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "दमलीस का गं? पाणी पितेस? पाय दाखव."

मी गार पडले. जनरल मिशीत हसत होते. आईनं त्या सहा फुटी माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पाय नको रे बाबा. पाणी दे." मग दोघांची चांगलीच गट्टी जमली.

इराचं मराठीही त्याच शाळेतलं. आई परत गेल्यावर पहिला फोन आला तेव्हा इरानं तो माझ्या हातात दिला नाही. कानाला लावून म्हणाली, "काय गं आजी, पाय कसा आहे? चाललीस का आज?"  मग आईनं विचारलं, "कोण बोलतंय?" त्या दिवशी दोघी अर्धा तास बोलल्या. तेव्हापासून आईला नात मिळाली. आम्ही आईबाप असून जे करू शकलो नाही ते एका घोडीनं केलं, आणि घोडीकडून एका दफेदारानं करवून घेतलं. मी त्यांना हे सांगायला गेले तर म्हणाले, "नूराचे आभार माना. मी फक्त चारा घालतो."

असं नम्र बोलणं मात्र क्वचितच. एरवी माणूस चांगलाच तोऱ्यात. इरा एकदा पडली, तर आधी नूराचे पाय तपासले आणि मग इराला विचारलं, "हाड मोडलं का? नाही ना? मग बस वर." मी संतापले. घरी येईपर्यंत गाडीत धुसफुसत होते. संध्याकाळी बेल वाजली. दारात जनरल, हातात डबा. सुकेळी. अख्खा डबा. आत आले नाहीत, इराच्या हातात डबा दिला आणि म्हणाले, "घोडी पडली असती तर तिला सांगता आलं नसतं. तुला सांगता येतं. म्हणून आधी ती." आणि लिफ्टकडे चालू पडले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग थोरले शेख वारले. तबेला त्यांच्या मुलाकडे आला. धाकटे शेख माणूस वाईट नव्हे, हे मी स्पष्ट सांगितलं पाहिजे. बँकांमध्ये वाढलेला, सरळ बोलणारा. त्यांनी जनरलना बोलावून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, जनरलचं वय झालंय, येत्या हिवाळ्यानंतर व्हिसा वाढवता येणार नाही. दुसरी घोड्यांबद्दल. थोरल्या शेखांनी जनरलना शब्द दिला होता की हे आठ घोडे एकत्र राहतील आणि म्हातारे होऊन याच आवारात मरतील. मुलाला तो शब्द माहीत होता. पण तो म्हणाला, जनरल, हे घोडे म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली तुमच्या खिशात. तुम्ही गेल्यावर मी त्यांचं काय करू? मी आयर्लंडचा एक माणूस आणतोय. हिवाळ्यात पाहुण्यांसमोर तो त्यांना चालवेल. त्याच्या हुकमावर चालले तर वडिलांचा शब्द माझाही शब्द. नाही चालले तर एकेक करून देऊन टाकीन, कुणाला हवा असेल त्याला.

म्हाताऱ्या, रांगेत चालायचं सोडून काही न येणाऱ्या घोड्याला कोण घेतो आणि कशासाठी, ते तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

नवा साहेब आला. पॅट्रिक त्याचं नाव, लाल चेहऱ्याचा, घोड्यांतलं उत्तम कळणारा. पण तो "वॉक ऑन" म्हणाला की आठही घोडे त्याच्याकडे कुतूहलानं बघायचे, बस. इद्रीसला यात वेगळीच संधी दिसली. एके सकाळी चहा पिताना तो जनरलना म्हणाला, "जनरल, आप कुछ मत सिखाओ. साहब चिल्लाएगा, घोडा खडा. सब मेहमान देखेगा. फिर शेख बोलेगा, जनरल को बुलाओ. व्हिसा भी मिलेगा. खलास." बाकीचे स्वार माना डोलवत होते. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. त्यांच्याशिवाय तो तबेला मला कल्पनेतही दिसत नव्हता. जनरलनी मिशीवर हात फिरवला, हसले आणि चहा संपवला. सगळ्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

तो उन्हाळा विचित्र गेला. दुपारी कुणीही तबेल्यात पाऊल टाकायचं नाही असा जनरलचा हुकूम सुटला. घोड्यांना विश्रांती हवी म्हणून हिवाळ्यापर्यंत रिसाल्याची कवायतही बंद. बहारीनमधली जुलैची दुपार, एरवीही कोण जाणार म्हणा. सकाळी ते गप्प असत. नव्या साहेबाच्या मागे मागे फिरत, त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावत आणि फोनवर रेकॉर्ड करत. पॅट्रिक मला कौतुकानं म्हणाला, या वयात माणूस इंग्रजी शिकतोय. आम्ही सगळे हसलो. म्हाताऱ्याला वसईला जाऊन साहेबी दाखवायची असेल, असं आम्हाला वाटलं.

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी इरा नूरावरून उतरून माझ्याकडे आली ती रडतच. आता चौदा वर्षांची झाली होती, सहसा रडायची नाही. "आई, ती माझं ऐकत नाही. मी दहा वेळा चल गं म्हटलं."

मी जनरलकडे गेले. ते दुसऱ्या घोडीच्या खुरातली माती काढत होते. वर न बघता म्हणाले, "वय झालं तिचं. कान गेले असतील. पायानं इशारा दे म्हणावं." आवाज कसातरीच होता. मला वाटलं जायचे दिवस जवळ आले म्हणून.

हिवाळ्यातली ती दुपार फार सुंदर होती. बहारीनचा डिसेंबर म्हणजे पुण्याचा जानेवारी. खुर्च्या मांडलेल्या, अत्तराचा वास, कॉफीचे छोटे कप फिरतायत. आठ घोडे रांगेत, पुढे सैफवर इद्रीस. जनरल लाल कोट घालून आले होते, पण मैदानात नाही, कुंपणाबाहेर, आमच्या शेजारी. सगळी पदकं लावलेली. दोन्ही हात कुंपणाच्या दांडीवर. इरानं मुठी आवळल्या होत्या. मी मनात म्हणत होते, नका चालू रे, नका चालू.

पॅट्रिक मध्ये येऊन उभा राहिला. "वॉक ऑन."

आठही घोडे एकदम चालू लागले.

इद्रीसचा तोल गेला. त्यानं खोगीर पकडलं आणि वळून थेट कुंपणाकडे पाहिलं. "ट्रॉट." पावलं बदलली. "लेफ्ट व्हील." रांग वळली, सुतात ओवल्यासारखी. "स्टँड." आठ घोडे थांबले. लोक टाळ्या वाजवत होते, धाकटे शेख उभे राहिले होते. शेवटी पॅट्रिकनं पुढे होऊन नूराच्या मानेवर हात ठेवला, म्हणाला, "गुड गर्ल. ऑल डन." आणि नूरानं मान खाली सोडून मोठा श्वास टाकला.

मी जनरलकडे वळले. ते सरळ समोर बघत होते.

"हे कधी केलंत?"

"दुपारी. तुम्ही सगळे एसीत झोपायचात तेव्हा." मग म्हणाले, "माझ्या तोंडचं इंग्रजी त्यांना कळलं असतं, पण त्याचं कळायला नको? त्याचा आवाज फोनवर लावायचो. एकदा फोनवर थांबवलं होतं ना सैफला, तेव्हाच कळलं होतं, आवाज ओळखतात. साहेबालाही कालच सांगितलं, घोडे ऐकतील म्हणून."

"आणि आपली मराठी?"

"काढावी लागली. दोन्ही ठेवली असती तर घोडा वाट बघत राहिला असता. म्हातारा कधी बोलेल, म्हातारा कधी बोलेल. मग त्या पोराचं कशाला ऐकेल?"

"काढली म्हणजे?"

"काढली म्हणजे, बाई, मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. मे महिन्यापासून. ते कान वळवायचे. मी गप्प." त्यांनी रुमाल काढून मिशी पुसली, जी कोरडी होती. "'झालं गं शाब्बास' सगळ्यात शेवटी काढलं. ते काही निघेना."

 आयुष्यभर मनात जपून ठेवावं असं काहीतरी समोर घडतंय एवढंच कळत होतं. इद्रीस घोड्यावरून उतरून आला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. सहा फुटी माणूस, त्याला बराच वाकावं लागलं. "पागल, घोडा बच गया ना," जनरल त्याला म्हणाले. "मफी रोना."

धाकट्या शेखांनी आपला शब्द पाळला. ते घोडे आजही तिथेच आहेत, सैफ सोडून, आणि सैफही तिथेच खजुरीखाली पुरलेला आहे. जनरल त्याच आठवड्यात वसईला गेले. त्यांच्याशी फोनवर बोलतो, म्हणजे इरा बोलते. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते समारंभाच्याच संध्याकाळी.

त्यांना खोलीवर सोडायचं होतं. आम्ही कुंपणाच्या कडेकडेनं गाडीकडे निघालो. आतून कुणीतरी नूराला मोकळं सोडलं होतं, ती आमच्या बरोबरीनं कुंपणापलीकडून चालायला लागली. जनरल थांबले की थांबायची, चालले की चालायची. कुंपण जिथे संपतं तिथे फाटक, आणि फाटक उघडं होतं. ती बाहेर यायच्या बेतात. जनरलच्या तोंडाशी 'थांब गं' आलेलं मला अक्षरशः दिसलं. त्यांनी ओठ मिटले. मग पॅट्रिकच्या उच्चारात, अगदी हुबेहूब, ते म्हणाले, "स्टँड."

नूरा थांबली. ते वळले आणि पुन्हा मागे न बघता गाडीत येऊन बसले.

 मी आरशातून पाहिलं तर इरा मागे ताठ बसलेली, पट्टा घट्ट धरून. मग ती बोलायला लागली. मराठीत. शाळेबद्दल, परीक्षेबद्दल, आजीच्या गुडघ्याबद्दल, सुकेळी कशी लपवून खाल्ली त्याबद्दल. तिचं 'ती दरवाजा' आणि 'तो खिडकी' चालूच होतं, पण ती थांबत नव्हती. सिग्नलवर नाही, वळणावर नाही. जनरल समोर बघत होते, मान जराशी तिच्याकडे वळवून. सगळा रस्ताभर त्यांनी तिची एकही चूक काढली नाही.

त्यांच्या खोलीपाशी गाडी थांबली. उतरून ते मागच्या खिडकीशी आले. इरा बोलायची थांबली. तशीच ताठ, समोर बघत बसून राहिली. त्यांनी हात आत घालून तळवा तिच्या मानेवर ठेवला.

"झालं गं," जनरल म्हणाले. "शाब्बास."

तेव्हा कुठे इरानं मान खाली घातली आणि ती रडायला लागली.